मूठभर सांबार

१

पांढुर्ण्यात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि पुंडलिकरावांच्या घरी सांबार कधी बाजारातून आला नाही. रोज सकाळी चहा होऊन पेपर अर्धा वाचून झाला की परसातल्या सामाईक भिंतीपलीकडून हाक यायची, "घ्या वो नलिनीबाई!" भिंतीवर एक मूठ हिरवं ठेवलेलं असायचं. सांबार, त्यात पुदिन्याचे काही शेंडे, एखादी गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, काडी, आणि सगळ्याला गवती चहाच्या पातीची गाठ.

देणाऱ्या मनकर्णाबाई. विधवा, एकट्या, मूलबाळ नाही. त्यांचं अंगण फरशीचं, मातीचा तुकडा नाही, म्हणून त्या डब्यांत लावायच्या. तुपाचे डबे, तेलाचे पिपे, गळकी बादली, तोंड फुटलेला माठ, जे मिळेल त्याला खालून खिळ्यानं भोकं पाडायची आणि माती भरायची. कात्री त्यांनी कधी वापरली नाही. अंगठ्याच्या नखानं शेंडा खुडायच्या. नखानं खुडलं की रोप रागावत नाही, म्हणायच्या.

पुंडलिकरावांच्या बायकोला, नलिनीबाईंना, लकवा झाला, डावं अंग गेलं, तेव्हापासून त्या मधल्या खोलीत पलंगावर होत्या. हृदयही अशक्त झालं होतं. तोंडाची चव तर पारच गेली. वरण-भात पुढे आला की त्या मान फिरवायच्या. पण मनकर्णाबाईंच्या मुठीतला पुदिना-सांबार पाट्यावर वाटून ताटात ठेवला की चार घास जायचे. रोज दुपारी मनकर्णाबाई मागच्या दारानं येऊन पलंगाशी बसायच्या. दोघींचं काय बोलणं चालायचं ते पुंडलिकरावांना कधी कळलं नाही. समोरच्या खोलीत आरामखुर्चीत पडल्या पडल्या नुसती कुजबुज ऐकू यायची आणि मधूनच हसू.

शहाऐंशी सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई गेल्या. गावात गोटमार होती, नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारायची जत्रा. जाम नदीकडून ढोलांचा आणि हजारो माणसांच्या ओरड्याचा आवाज सकाळपासून येत होता. त्या गोंधळात शेजारच्या घरातलं रडणं पलंगापर्यंत पोचलंच नाही. मोठा रस्ता गर्दीनं भरलेला, म्हणून मनकर्णाबाईंना मागच्या गल्लीतून नेलं.

पुंडलिकराव घाटावरून आले, अंघोळ केली आणि मधल्या खोलीच्या दारात नुसते उभे राहिले. सौंसरहून लेक सुनंदा आलेली होती. तिनं त्यांना बाजूला ओढलं.

"बाबा, आईले सांगू नका. डॉक्टर काय म्हणाले होते, आठवते ना? धक्का नको म्हणाले."

"किती दिवस लपवणं होईन, सुनंदा?"

"जितके दिवस निभेल तितके."

२

पहिलं खोटं दुसऱ्याच दिवशी बोलावं लागलं.

"अहो, मनकर्णाबाई काहून नाही आल्या?"

"लोधीखेड्याले गेल्या. पुतण्याकडे, गुणवंताकडे. डोळ्याचं ऑपरेशन करून राहिले त्यांचं."

"मले न सांगता?"

"तू झोपली होती."

नलिनीबाईंनी मान हलवली. पण दुपारी ताट आलं तेव्हा चटणीचा वास घेतला आणि बोट काढून घेतलं. "हा बाजारचा आहे." दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. स्वयंपाकाला येणारी शकुबाई वेगवेगळ्या भाजीवालींकडून जुड्या आणून थकली. नलिनीबाईंच्या गालाची हाडं वर यायला लागली.

शेवटी पुंडलिकरावांनी गुणवंताला गाठलं. तो शेजारच्या घराला कुलूप लावून लोधीखेड्याला निघालाच होता. "न्या ना जी गुरुजी," तो म्हणाला, "इथं कोण पाणी टाकते?" मनकर्णाबाईंचे डबे भिंतीवरून अलीकडे आले. पावसानं ओढ दिलेली, आणि एवढ्या दिवसांत कुणी पाणी न घातल्यानं त्यातलं सगळं वाळून गेलं होतं.

"त्यांनी सांगितलं होतं, माझे डबे सांभाळा म्हणून," पुंडलिकरावांनी नलिनीबाईंना सांगितलं. खोट्यावर खोटं चढत होतं, पण हे खोटं बोलताना त्यांना जरा बरं वाटलं.

पुंडलिकराव मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. वालाचं बी ओल्या टीपकागदावर कसं रुजतं, त्याच्या आकृत्या त्यांनी जन्मभर फळ्यावर काढल्या. पण स्वतःच्या हातानं कधी काही लावलं नव्हतं. त्यांनी धने हलके रगडून दोन फाका केल्या, भिजवले, शेणखत आणून मातीत कालवलं, पेरून वर ओलं गोणपाट टाकलं. पुदिन्याच्या काड्या टोचल्या. रोज सकाळी चष्मा लावून ते डब्यांवर वाकायचे. नलिनीबाई खिडकीतून बघायच्या.

"पाणी जास्त टाकून राहिले तुम्ही. बीले श्वास नको का घ्यायले?"

धने सडले. पुदिन्याच्या काड्या काळ्या पडल्या. पुन्हा पेरलं. पुन्हा काही आलं नाही.

३

दिवाळी झाली. संत्र्यांचे ट्रक मंडीकडे जायला लागले, हवेत सालीचा कडवट वास भरून राहिला. अशाच एका सकाळी पुंडलिकराव परसात गेले आणि थबकले. सगळ्या डब्यांत सांबार होता. कोंब नव्हते, बोटभर उंच, पानं फुटलेला सांबार. माठात पुदिना पसरला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः पाणी टाकलं होतं, तेव्हा तिथं नुसती काळी माती होती.

चष्मा काढून त्यांनी पुसला. काल नीट बघितलं नसेल, त्यांनी स्वतःला समजावलं. वय झालं. कोंब लहान असतात, संध्याकाळचा उजेड कमी असतो. तरी बोटभर?

मग दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. हिवाळ्यातलं ऊन परसात भिंतीवरून, दक्षिणेकडून यायचं. रोपं उन्हाकडे झुकतात, हे त्यांनी किती वर्गांना शिकवलं असेल. ही सगळी रोपं उलटी वाकली होती. उन्हाकडे पाठ करून, घराच्या सावलीकडे, मधल्या खोलीच्या खिडकीकडे. प्रत्येक काडी तिकडेच.

त्यांनी डबे फिरवून ठेवले. संध्याकाळपर्यंत सगळे शेंडे पुन्हा खिडकीकडे वळले होते. भिंतीला नवा चुना दिलाय, त्याची चकाकी असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. असं होऊ शकतं, पुस्तकात नसलं म्हणून काय झालं? पण रात्री खिडकी लावून घेताना त्यांचा हात कडीवर जरा जास्तच वेळ राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नलिनीबाई पोटभर जेवल्या. बोट चाटून त्यांनी डोळे मिटले. "आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी ती ताटाकडे बघून हसली होती. त्यांनी शकुबाईला विचारलं, "चांगली झाली चटणी. कधी तोडला तुम्ही सांबार?"

"मी कुठं तोडला जी, गुरुजी? ओट्यावर ओल्या फडक्यात होता ना ठेवलेला. मले वाटलं, तुम्हीच ठेवला."

पुंडलिकराव परसात गेले. शेंडे खुडलेले होते. कापल्याची सरळ रेघ नव्हती. प्रत्येक देठावर अर्धचंद्रासारखी एक खूण होती, नखाची.

४

"मनकर्णाबाई येऊन गेल्या," एका संध्याकाळी नलिनीबाई सहज म्हणाल्या.

पुंडलिकराव त्यांना पाणी पाजत होते. पेला ओठाशी तसाच राहिला.

"कधी?"

"दुपारी. तुम्ही झोपले होते. मागच्या दारानं आल्या."

मागच्या दाराला आतून कडी होती, ती त्यांनीच लावली होती. उठून पुन्हा पाहिली. कडी तशीच. भिंतीवरून शेजारच्या अंगणात डोकावले. फरशीवर पिंपळाची वाळकी पानं पडली होती, एकही हललेलं नव्हतं. दाराला गुणवंताचं कुलूप. आजारी माणूस आहे, दिवसभर पडून राहतं, झोप आणि जाग एक होते. औषधंही जड आहेत. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरही तेच म्हणाले.

पण त्या रोज काही ना काही सांगत राहिल्या. मनकर्णाबाईंचे डोळे आता चांगले झाले. गुडघे दुखत नाहीत. "तिकडची माती लई चांगली आहे म्हणतात. मऊ. पाणी टाकावंच लागत नाही म्हणे."

"तिकडची म्हणजे कुठली?"

"मी नाही विचारलं," नलिनीबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

रोज संध्याकाळी गरम पाण्यात फडकं बुडवून पुंडलिकराव बायकोचे हातपाय पुसायचे. लकवा झाल्यापासून हे काम त्यांनी शकुबाईला करू दिलं नव्हतं. उजवा हात, मग डावा. डावा हात नेहमी थंड असायचा, बोटं आत वळलेली. ती एकेक करून उघडावी लागायची.

अशाच एका संध्याकाळी बोटं उघडली आणि खोलीत पुदिन्याचा वास आला. ताजा, नुकताच चुरगळल्यासारखा. त्यांनी तो हात दिव्याखाली धरला. नखांत माती होती. ओली, काळी. अंगठ्याच्या नखाला हिरवा रंग लागला होता.

हा हात लकवा झाल्यापासून आपणहून गादीवरून उचलला गेला नव्हता.

त्यांनी काडीनं एकेक नख साफ केलं, हात पुसला, चादरीखाली ठेवला. नलिनीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. लहान मुलगी मातीत खेळून आल्यावर आईकडे बघते, तशा.

५

सुनंदा पुढच्या रविवारी बसनं आली. आईला बघून ती हरखली, गाल भरले होते, डोळ्यांत तेज होतं. मग बापाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"तुम्ही काहून असे वाळून राहिले, बाबा?"

परसात नेऊन पुंडलिकरावांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि डब्यांपासून मागे मागे सरत होती. खिडकीकडे वाकलेली ती रोपं तिनं स्वतः पाहिली.

"आपण आईले जामसांवलीले नेऊ या. मारुतीच्या पायाशी घालू. लोक जातात ना असं काही झालं तर."

"काय झालं आहे, सुनंदा? जेवून राहिली ती. हसून राहिली. मी मारुतीले काय सांगू, हिची भूक घालव म्हणून?"

सुनंदा पिशवी उचलायला आत गेली. पण ती परतताना बसच्या खिडकीतून एवढंच म्हणाली, "बाबा, त्या रोज येतात, ते कायले येतात, हे तर बघा."

तो प्रश्न पुंडलिकरावांच्या मागे लागला. कशासाठी येतात? एका सकाळी नलिनीबाईंचा डोळा लागला होता तेव्हा त्यांनी सगळं उपटलं. सांबार, पुदिना, सगळं. मुळांना धरून ओढताना माती त्यांना सोडत नव्हती. सगळं गोणपाटात भरून त्यांनी नाल्यात टाकलं आणि डबे भिंतीपाशी उपडे घातले. हात किती धुतले तरी वास जाईना.

दुपारी नलिनीबाईंनी ताटाकडे पाहिलं आणि मान फिरवली. चटणी काहून नाही, असं त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. तेच पुंडलिकरावांना सोसवेना. आठवडाभरात ती पुन्हा पहिल्यासारखी झाली, त्याहूनही खाली गेली. चमच्यानं पेज घातली तर ओठांच्या कडेनं बाहेर यायची.

एका संध्याकाळी पुंडलिकराव पलंगावर बसले आणि त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला.

"नलिनी, एक खोटं बोललो मी तुझ्याशी. मनकर्णाबाई लोधीखेड्याले नाही गेल्या. त्या वारल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच."

ती रडेल, छातीला हात लावेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं नुसती मान हलवली.

"मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांनी सांगितलं. मी तुम्हाले नाही बोलली. तुम्ही एवढं जपून राहिले मले. म्हटलं, तुम्हाले वाईट वाटन."

पुंडलिकरावांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"भेव नाही वाटलं तुले?"

"वाटलं ना. आधी लई वाटलं. मग त्यांनी पुदिना खुडला, आणि वास आला. किती दिवसांनी मले कायचा वास आला होता."

"त्या तुले घेऊन जातीन, नलिनी."

बाहेर एक ट्रक गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"तुमच्यानं किती दिवस उचलणं होईन मले?" ती हळूच म्हणाली. "पाठ वाकली तुमची. मले दिसते ना इथून." मग खिडकीकडे मान वळवून, "डबे ठेवून द्या जागेवर."

रात्रभर पुंडलिकराव बसून होते. सकाळी त्यांनी डबे सरळ केले. नवी माती भरली, खत कालवलं, धने रगडून पेरले, आणि या वेळी बेतानं पाणी घातलं. आपण काय पेरतोय हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी एकही डबा रिकामा ठेवला नाही.

ती पुन्हा जेवायला लागली.

६

पौष लागला होता. दुपारचं ऊन हवंसं वाटावं असे दिवस. शकुबाई काम आटपून गेली होती. पुंडलिकराव समोरच्या खोलीत आरामखुर्चीत होते, डोळे मिटलेले, पण झोप नव्हती.

परसात पत्रा घासल्याचा आवाज आला. फरशीवर डबा सरकवल्यासारखा. मग कुजबुज. दोन आवाज होते. एक वरचा, एक खालचा.

ते उठले. चपला घातल्या नाहीत. मधल्या खोलीत आले. पलंग रिकामा होता. चादर एका बाजूला नीट दुमडून ठेवली होती. उशीवर डोक्याचा खळगा तसाच होता.

स्वयंपाकघरातून मागचं दार दिसायचं. ते उघडं होतं, अर्धंच. उन्हाची एक पट्टी ओट्यापर्यंत आली होती. दाराच्या फटीतून परसाचा तेवढाच भाग दिसत होता: पायरी, आणि पायरीपुढे माठ.

पायरीवर नलिनी बसली होती. त्यांच्याकडे पाठ होती. केस मोकळे सोडलेले, पाठ ताठ. तिचे दोन्ही हात माठात होते. दोन्ही. डावा हात उजव्यासारखाच चालत होता, पानं बाजूला सारत, शेंडा शोधत.

माठाच्या पलीकडून आणखी दोन हात आले होते. मनगटांपर्यंतच दिसत होते, पुढचं सगळं दाराच्या फळीआड. बांगड्या नसलेली मनगटं. त्या हातांची कातडी, मातीत पुष्कळ दिवस राहिलेल्या मुळासारखी, पांढरट आणि ओली होती. अंगठा वाकला, नख टेकलं, शेंडा तुटला. बारीकसा टक असा आवाज झाला.

एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सगळं दिसलं असतं. पुंडलिकरावांनी पाऊल उचललं. तेवढ्यात नलिनी हसली. मोकळं, घशातून आलेलं हसू. असं हसताना त्यांनी तिला लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत कधीतरी ऐकलं होतं, आणि मग संसारात ते कुठं गेलं ते त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी पाऊल मागे घेतलं.

आरामखुर्चीत येऊन ते बसले. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत छताला गेलं आणि विझलं. आवाज कधी थांबले ते कळलं नाही.

आत गेले तेव्हा नलिनी पलंगावर होती. चादर छातीपर्यंत ओढलेली, दोन्ही हात चादरीवर. डाव्या हाताची बोटं सरळ होती. त्यांनी उजवा हात धरला, तोही थंड होता, आणि ठेवून दिला.

मागच्या दाराला आतून कडी होती.

बायका जमल्या. सुनंदा आली आणि आईच्या पायांवर पडून रडली. अंघोळ घालताना शकुबाई पायांशी होती. तिनं पाणी ओतलं आणि तांब्या हातात धरून थांबली. नलिनीबाईंच्या तळपायांना ओली माती लागली होती, टाचांच्या भेगांत पुदिन्याचं एक पान अडकलेलं. शकुबाईनं पुंडलिकरावांकडे एकदा बघितलं. मग पाय चोळून चोळून धुतले.

७

तेरवी झाल्यावर सुनंदा म्हणाली, "बाबा, सौंसरले चला. इथं एकटे कसे राहणार तुम्ही?" ते नाही म्हणाले. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. मग घर विकायचं नाही तर निदान ते डबे तरी फेका म्हणाली. त्यालाही ते नाही म्हणाले.

गावातले लोक म्हणतात, गुरुजींना बायकोचं दुःख सोसलं नाही. बाजारात दिसत नाहीत, कुणाच्या लग्नाला येत नाहीत. शकुबाई सकाळी येते, दोन पोळ्या करून ठेवते आणि ऊन डोक्यावर यायच्या आत निघून जाते. दुपारी ती त्या घरात थांबत नाही. का, ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

जेवण झालं की पुंडलिकराव मधल्या खोलीत खुर्ची ओढून बसतात. मागच्या दाराची कडी त्यांनी काढून टाकली आहे. दार नुसतं लोटलेलं असतं. गल्ली शांत होते, मालगाडी घाटाकडे निघून जाते, आणि मग परसातून कुजबुज सुरू होते. एक वरचा आवाज, एक खालचा. पूर्वी समोरच्या खोलीत ऐकू यायची तशीच. मधूनच हसू.

भीती आता उरली नाही. ते पुढे झुकून, श्वास धरून ऐकतात. शब्द लागत नाहीत. दोघी कशाबद्दल एवढं बोलतात, ते त्यांना आधीही कधी कळलं नव्हतं. पण एक शब्द आला असता तर कळला असता. नलिनीनं जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं नाही. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की ती एवढंच म्हणायची, अहो.

ते दाराकडे बघत बसून राहतात. उठायला तयार असतात. चपलाही बाजूला काढून ठेवलेल्या असतात.

ऊन कलतं. कुजबुज मंद होत जाते. दोघी आपल्या बोलण्यात असतात, आणि पुंडलिकरावांना कुणी हाक मारत नाही.